आयडियावाली बाई

ज्योत्स्ना आमच्या डाळ मिलच्या लॅबमध्ये कामाला लागली, त्या दिवशी तिची आई पार्वताबाई बाहेर यार्डात तूर पालटत होती. यार्ड म्हणजे मिलच्या मागचं सिमेंटचं मोठं पटांगण. तेल लावलेली तूर तिथं उन्हात वाळवायची, आणि नीट वाळली की मग भरडायला घ्यायची. चाळीसेक बाया दिवसभर त्या तुरीत अनवाणी फिरायच्या, लाकडी दाताळ्यानं ती वरखाली करायच्या. ज्योत्स्ना पांढरा कोट घालून लॅबच्या खिडकीत उभी राहिली, तेव्हा यार्डातल्या सगळ्या बायांनी हात थांबवून वर पाहिलं. एकट्या पार्वताबाईनं पाहिलं नाही. नंतर मी तिला कारण विचारलं, तर म्हणाली, "दिष्ट लागते भाऊ, आईचीच पहिले लागते."

मी भगवंत. या मिलमध्ये मेंटेनन्सचा प्रमुख आहे. बडनेऱ्याहून रोज गाडीनं अकोल्याला येतो, एकोणतीस वर्षं झाली. ज्योत्स्नाची सगळी नोकरी माझ्या डोळ्यांपुढे झाली, म्हणून हे सांगायचा मला थोडाफार हक्क आहे. तसा तो नाहीही, ते पुढं कळेलच.

ती बौद्ध वस्तीतली मुलगी. बीएस्सी केमिस्ट्री. लॅबमधलं काम म्हणजे आलेल्या तुरीतली ओल मोजायची, भरडल्यावर डाळीत तुकडा, म्हणजे फुटकी डाळ, किती निघाला ते मोजायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं. सहा-सात वर्षं तिनं हेच केलं. मध्ये लग्न झालं, नवरा प्रीतम शाळेत क्लार्क, एक मुलगी झाली. पार्वताबाईचे गुडघे गेले आणि ती घरी बसली. सगळं चाललं होतं तसं चाललं असतं.

कोरोनानंतर मिलचा कारभार मोठ्या साहेबांच्या सूनबाईंकडे आला. साधना मॅडम. पुण्याला मॅनेजमेंट शिकलेल्या, हुशार. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकताना तसं वाटायचा संभव आहे. त्यांचं म्हणणं असं की आपण चाळीस वर्षं एकाच पद्धतीनं डाळ करतोय, जग पुढं गेलं. आणि नवी कल्पना बाहेरून विकत घेण्यापेक्षा ती आपल्याच माणसांच्या डोक्यातून आली पाहिजे. मग पुण्याहून एक सल्लागार आले. दोन दिवस हॉटेलात आमचं ट्रेनिंग झालं. रंगीत चिठ्ठ्या भिंतीला चिकटवल्या. तिसऱ्या दिवशी 'इनोव्हेशन सेल' स्थापन झाला, गेटजवळ हिरव्या रंगाची कुलूपबंद पेटी लागली आणि तिच्यावर पाटी आली, 'तुमची कल्पना, आपली प्रगती'.

सेल सांभाळायला माणूस हवा होता. ज्योत्स्नाचं अक्षर चांगलं, कॉम्प्युटर येतो, बोलणं गोड, शिवाय मजुरांमध्ये तिची ऊठबस. मॅडमनी लॅबच्या कामावरच हे काम तिला दिलं. आठवड्यात सगळी मिल तिला आयडियावाली बाई म्हणायला लागली.

पहिल्या महिन्यात पेटीत नऊ चिठ्ठ्या निघाल्या. संडासाची कडी तुटली आहे, अशा तीन. हमालांच्या खोलीत पंखा हवा, अशा दोन. एकात सुपरवायझरला शिवी. बाकीच्या कोऱ्या. कल्पना मांडायचा फॉर्म चार पानी आणि इंग्रजी होता. ज्योत्स्नानं तो बाजूला ठेवला. एक जाड वही घेतली आणि रोज जेवणाच्या सुट्टीत मिलभर फिरायला लागली. जो जसं बोलेल तसं लिहून घ्यायची, आणि घरी नेऊन फॉर्म स्वतः भरायची. वर बोलणाऱ्याचं नाव.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी समिती बसायची. मॅडम, प्रॉडक्शनचे शेखर साहेब, हिशोबातले एक, खरेदीतले एक आणि मी. ज्योत्स्ना उभी राहून एकेक कल्पना वाचायची. हमालांचे मुकादम जानराव यांचं म्हणणं होतं की पोती उतरवायचा फलाट हातभर उंच केला तर कंबरेतून वाकावं लागणार नाही. चांगली कल्पना होती. शेखर साहेब म्हणाले, अभ्यास करू. पुढच्या महिन्यात म्हणाले, पावसाळ्यानंतर पाहू. त्यानंतर तो विषय यादीतून कधी गळाला ते कोणाला आठवत नाही. पहिल्या दोन वर्षांत तिनं एकशे चाळीसवर कल्पना वाचल्या. पूर्ण झाल्या दोन. पाण्याची टाकी सावलीत आली, आणि नोटीस बोर्डावर ज्याचा वाढदिवस असेल त्याचा फोटो लागायला लागला.

पण एक गोष्ट ती नेमानं करायची. समितीनं नाही म्हटलं तर ज्याची कल्पना त्याला जाऊन सांगायची. मी एकदा म्हटलं, "कशाला तोंड दाखवतेस? विसरून जातील."

ती म्हणाली, "भाऊ, विचारून गेली आणि परत आलीच नाही, असं नको. नाही असलं तरी सांगाचं." यामुळेच असेल, माणसं तिला सांगत राहिली. 'नाही' ऐकायची त्यांना सवय होती. कोणी स्वतः येऊन 'नाही' सांगतं, याची नव्हती.

मैनाबाई यार्डातली सगळ्यात जुनी बाई. पार्वताबाईच्याच वस्तीतली, दोघींनी वीस वर्षं शेजारीशेजारी दाताळं ओढलेलं. ज्योत्स्ना तिला मावशी म्हणायची. तूर वाळली की नाही हे मिलमध्ये मैनाबाई ठरवायची, मीटर नाही. दाणा दाताखाली धरायची, चावायची, आणि आवाज ऐकून सांगायची, अजून एक ऊन, किंवा उचला. लॅबचं मीटर दाण्याच्या आतली ओल सांगायचं. साल कधी सुटेल हे त्याला समजायचं नाही.

दोन हजार तेवीसच्या उन्हाळ्यातली गोष्ट. ज्योत्स्ना वही घेऊन यार्डात गेली. मी तिथं कन्व्हेयरचा पट्टा पाहत होतो, म्हणून हे कानावर पडलं.

मैनाबाई म्हणाली, "आयडिया-फायडिया मले नाई समजत वं. पण एक इचारतो. तुमी सगळी तूर एकात काहून मिसळता?"

"म्हणजे कशी, मावशी?"

"हे पाय. अकोटकडची तूर येगळी, खारपाणपट्ट्यातली येगळी, तिवशाकडची येगळी. एकीचं साल दोन उन्हात सोडते, दुसरीले चार लागते. तुमी एकाच ढिगात टाकून राहिले. मग अर्धी कच्ची रायते अन् अर्धी करपते. तुकडा नाई होईन तं काय होईन?"

ज्योत्स्ना लिहायची थांबली. "तुमाले कोणती कोठची हे कळते?"

"चावून कळते. न चावताबी कळते, हातात घेतली की."

त्या हंगामात ज्योत्स्नानं जे केलं ते कोणी तिला सांगितलं नव्हतं. शेखर साहेबांच्या हातापाया पडून तिनं यार्डाचा एक कोपरा मागून घेतला. प्रत्येक गाडीची तूर वेगळी पसरायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी मैनाबाई दाणा चावायची आणि ज्योत्स्ना त्याच वेळी ओल मोजायची, तापमान मोजायची, मैनाबाई काय म्हणाली ते शब्दाशब्दानं लिहायची. 'चिवट'. 'निब्बर, पण साल धरून'. 'कट्ट वाजली, उचला'. मार्चपासून मेपर्यंत दोघी त्या उन्हात बसायच्या. मैनाबाईच्या एका दाढेनं त्या वर्षी दगा दिला, तर ती दुसऱ्या बाजूनं चावायला लागली.

जूनमध्ये ज्योत्स्नानं समितीपुढे आकडे ठेवले. वेगळ्या वाळवलेल्या तुरीत तुकडा जवळजवळ निम्मा. मॅडम खुर्चीतून पुढं सरकल्या. हिशोबातले गृहस्थही चष्मा लावून बघायला लागले. पहिल्यांदा कोणी अभ्यास करू म्हटलं नाही. पुढच्या हंगामापासून सगळी तूर गावाप्रमाणे वेगळी वाळवायची, असं ठरलं.

ऑगस्टमध्ये कार्यक्रम झाला. मैनाबाईला शाल, श्रीफळ आणि काचेतलं प्रमाणपत्र. तिचा नवरा देवमन इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. पार्वताबाई रिक्षानं आली. मॅडम माईकवर म्हणाल्या, "ही आमची खरी शास्त्रज्ञ." मैनाबाईला बोलायला सांगितलं, तर ती म्हणाली, "मी काय बोलू बाप्पा? या पोरीनं इचारलं मून सांगतलं. आधी कोणं इचारलंच नाई." लोक हसले, टाळ्या वाजल्या. ज्योत्स्ना स्टेजच्या कडेला उभी राहून रडत होती. मिलमध्ये इतका आनंदाचा दिवस मी दुसरा पाहिला नाही.

पुढचं सगळं दीड वर्षात झालं.

मॅडम एका प्रदर्शनाला गेल्या आणि तिथं त्यांनी यांत्रिक ड्रायर पाहिला. गरम हवेवर चालणारा, उन्हाची गरज नाही, पटांगणाची नाही. हा ड्रायर आम्हाला नवा नव्हता. दहा वर्षांपूर्वी मीच त्याची चौकशी केली होती आणि तेव्हा तो नको ठरला होता, कारण वेगवेगळ्या तुरीला किती वेळ, किती उष्णता द्यायची, हे कोणालाच माहीत नव्हतं. अंदाजानं चालवला तर डाळीचा चुरा. आता ते माहीत होतं. ज्योत्स्नाच्या वहीत प्रत्येक गावच्या तुरीचं सगळं लिहिलेलं होतं.

मॅडमनी तिला बोलावून तक्ता करायला सांगितला. हे मला तिनंच नंतर सांगितलं. तिनं विचारलं, "मॅडम, यार्डातल्या बायांचं काय?" मॅडम म्हणाल्या, "अगं, त्यांना पॅकिंगमध्ये घेऊ. उन्हातून सुटतील बिचाऱ्या." मॅडमना तेव्हा तसंच वाटत असावं. ज्योत्स्नानं विश्वास ठेवला. चार दिवस बसून तक्ता केला. खाली आधार म्हणून मैनाबाईचं नाव टाकलं.

ड्रायर आला. मी बसवला. पाया घातला, बॉयलर जोडला, तक्त्यातले आकडे मशीनच्या पॅनलमध्ये भरले. अकोट एक नंबर, तिवसा दोन नंबर, असं करत सात नंबर. पहिल्याच आठवड्यात डाळ इतकी सुंदर निघाली की शेखर साहेबांनी पेढे वाटले. मीही खाल्ले.

पॅकिंगमध्ये तोपर्यंत नवी भरणी मशीन लागली होती. तिथं माणसं कमीच करायची होती. बेचाळीसपैकी नऊ बाया घेतल्या, त्यातल्या त्यात तरुण. बाकीच्या बाया ठेकेदाराच्या मजूर, कंपनीच्या कागदावर त्या कधी नव्हत्याच. ठेकेदारानं शनिवारी संध्याकाळी गेटवर सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. मैनाबाईचं वय बासष्ट. तिचं नाव नवात असायचा प्रश्नच नव्हता.

ज्योत्स्नाला सोमवारी खिडकीतून रिकामं यार्ड दिसलं तेव्हा कळलं. ती खाली माझ्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, तुमाले माहीत होतं?"

मला शुक्रवारी कळलं होतं. मी नाही म्हटलं.

त्याच संध्याकाळी ती मैनाबाईकडे गेली. मलाही सोबत नेलं, एकटीची हिंमत होईना. देवमन बाजेवर बसला होता. त्यानं जय भीम घातला आणि उठून बाहेर निघून गेला. मैनाबाईनं चहा ठेवला. भिंतीवर ते प्रमाणपत्र तसंच होतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मैनाबाई शांतपणे समोर बसली आणि म्हणाली, "मले एक समजावून सांग. माहे दात त्या मशीनीत गेले कसे?"

ज्योत्स्ना म्हणाली, "मी लिहून घेतलं होतं ना, मावशी. तुमी सांगत होत्या, ते."

"ते तं मालूम हाय. मीच सांगतलं. पण आवाज कसा लिवला?"

"ओल किती, ऊन किती, किती तासांनी तुमी उचला म्हटलं, ते. सगळं जोडलं की आकडा येते."

मैनाबाई चहाकडे पाहायला उठली. "मंजे आता मी मेली तरी चालते."

"मावशी, असं नका बोलू."

"नाई, खरं बोलून राहिली. तुह्यावर राग नाई. तू तं इचारलं. मी काहून सांगतलं, मले माहा राग येऊन राहिला. बाकीच्या बाया दारात येऊन बोलते मले, तूच शायनी झाली होती, शाल पांघराले गेली होती." तिनं चहा गाळला, दोघांना दिला, स्वतः घेतला नाही. निघताना ज्योत्स्ना वाकून पाया पडायला गेली, तर तिनं पाय मागं घेतले.

पुढच्या पहिल्या शनिवारी समितीत ज्योत्स्नानं सगळ्यांच्या शेवटी एक कल्पना वाचली. प्रथमच तिच्या स्वतःच्या नावाची. ज्याची कल्पना कंपनी वापरेल, त्याचं काम त्या कल्पनेमुळे जाणार नाही, असा नियम करावा. ठेकेदाराचा मजूर असला तरी. एवढंच. अर्धं पान.

मॅडम म्हणाल्या, "भावना समजते तुझी." शेखर साहेब म्हणाले, असा नियम लिहून ठेवला तर उद्या प्रत्येक जण एकेक चिठ्ठी टाकून जन्माची सोय करून घेईल. खरेदीवाले हसले. ज्योत्स्नानं माझ्याकडे पाहिलं. ड्रायर मीच बसवला होता, मुलाचं इंजिनीअरिंग चालू होतं, रिटायर व्हायला चार वर्षं होती. मी समोरच्या कागदाकडे पाहत राहिलो. इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'अभ्यासासाठी ठेवण्यात आले', आणि पाच जणांनी सह्या केल्या. माझी तिसरी.

त्यानंतर ती वही घेऊन फिरली, पण कोणी काही सांगेना. जानराव तिला पाहून पोत्यांआड गेले. पॅकिंगमधल्या बाया म्हणाल्या, "काई नाई बाई, सगळं बराबर हाय." पेटीत तीन महिने एक चिठ्ठी नाही. घरी पार्वताबाईनं पौर्णिमेला विहारात जाणं सोडलं. तिथं मैनाबाई असायची, आणि दोघींना एकमेकींशेजारी बसायची इतक्या वर्षांची सवय. लेकीला ती एक शब्द बोलली नाही. प्रीतमनं एकदा मला फोन करून विचारलं, "भाऊ, हिला त्या कामातून सोडवता येईल का? झोपत नाही नीट." मी मॅडमना विचारतो म्हटलं. विचारलं नाही.

तिनं स्वतःच विचारलं. मॅडमना म्हणाली, मला फक्त लॅब द्या. मॅडम खरंच काळजीत पडल्या. म्हणाल्या, "लोक तुझ्यावर किती विश्वास ठेवायचे. मध्येच काय झालं? आपलं कुठं चुकलं?" आणि हा प्रश्न मनापासून होता. ज्योत्स्ना मला म्हणाली, "त्यांना खरंच माहीत नव्हतं, भाऊ. मी कुठून सुरू करू, ते समजेना. मग मी म्हटलं, हंगामाचं काम जास्त आहे, म्हणून असेल."

मॅडमनी यावर उपाय काढला. प्रत्येक विभागानं तीन महिन्यांत आठ कल्पना दिल्याच पाहिजेत. आकडा पूर्ण झाला नाही तर विभागप्रमुखाला जाब. एका शनिवारी समितीत माझ्या खात्याच्या आठ कल्पना वाचल्या गेल्या. त्यातल्या एकीवर माझं नाव होतं. नट आवळायचे पाने टांगायच्या खिळ्यांखाली त्यांचे नंबर लिहावेत. मी असं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. बैठकीनंतर मी तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, "घरी बसून लिहिते. सहा विभाग, आठ-आठ. निरुपद्रवी असंच लिहिते. कोणाचं काही जाणार नाही, असं." सगळ्या मंजूर होतात. या वर्षी कामगारांच्या सहभागासाठी मिलला उद्योजकांच्या एका संघटनेचा पुरस्कार मिळाला. अमरावतीला समारंभ होता. मॅडमनी तिला स्टेजवर बोलावून ट्रॉफी तिच्या हातात दिली. फोटोत ती ट्रॉफीकडे पाहतेय.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी तिच्या लॅबमध्ये बसलो होतो. अश्विन आला. आमचा इलेक्ट्रिशियन, तीस-बत्तीसचा, सहा महिन्यांपासूनच आहे, जुनं त्याला फारसं माहीत नाही. डोळे चमकत होते. म्हणाला, "ताई, ड्रायरची गरम हवा चिमणीतून वायाच जाऊन राहिली. ती फिरवून परत आत घेतली तं बॉयलर निम्मा चालन. मी चित्र काढून आणलं. बॉयलरवरच्या तीन माणसांले सारखं भुसा टाकत बसा नाई लागनार."

मी चित्र पाहिलं. बरोबर होतं. मला हे सुचायला हवं होतं.

ज्योत्स्नानं चित्रातल्या बॉयलरवर बोट ठेवलं. त्याला विचारलं, "बॉयलरवरचे तिघं कोणाचे हायेत? ठेकेदाराचे ना?"

"हो."

"मग सांगू नको कोणाले."

त्याला वाटलं, ती गंमत करतेय. तो माझ्याकडे पाहून हसला. मी हसलो नाही.

"खरंच सांगते, अश्विन. घरी घेऊन जा. शेखर साहेबांना दाखवू नको, मले बी दाखवलं नाही असं समज." तिनं कागदाची घडी करून त्याच्या खिशात घातली. "तुझ्या नावानं मी काहीतरी लिहून देते. बटणांना रंग देणं, असं काही. आठमध्ये धरून घेते."

तो खिसा चाचपत गेला. ज्योत्स्नानं फॉर्म ओढला आणि भरायला घेतला. अक्षर अजूनही सुरेख आहे. नावाच्या रकान्यात तिनं अश्विनचं नाव लिहिलं, आणि मला विचारलं, "भाऊ, पॅनलच्या बटणांना कोणता रंग बरा दिसेल?"

मी म्हटलं, "हिरवा."

तिनं हिरवा लिहिलं.